छतावरचं सोलार ग्रिडला जोडण्याआधी प्रयोगशाळेत काय तपासलं जातं?

बाहेर लख्ख ऊन आहे, छतावर सोलार पॅनल आहेत, आणि तरीही लाईट गेली की घरातला पंखा थांबतो. बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलार नव्याने बसवलेल्यांना हा अनुभव आला की यंत्रणा बिघडली असं वाटतं. प्रत्यक्षात ती ठरल्याप्रमाणेच काम करत असते.

लाईन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या छतावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ग्रिड जाताच सोलारने स्वतःहून बंद व्हायचं, असा नियम आहे. हे काम पॅनलला जोडलेला इन्व्हर्टर करतो. पॅनलमधल्या डीसी विजेची एसी करणं हे त्याचं मुख्य काम. पण तो सतत ग्रिडचा दाब आणि वारंवारता मोजतो आणि मर्यादा ओलांडली गेली की बाहेर पडतो.

एका घरापुरता हा नियम चोख आहे. पण लाखो इन्व्हर्टर एकाच क्षणी बाहेर पडले तर? स्मार्ट ग्रिडच्या चाचण्यांमागचा कळीचा प्रश्न हाच आहे.

५० हर्ट्झ म्हणजे काय?

ग्रिडमध्ये विजेचा साठा नसल्यासारखाच असतो. जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल सांभाळला जातोय की नाही, हे वारंवारतेवरून कळतं. भारतात आणि युरोपात ती ५० हर्ट्झ ठेवली जाते.

सायकलचं उदाहरण घेता येईल. पायडलवरचा जोर तोच ठेवला तर चढावर वेग कमी होतो, उतारावर वाढतो. तसंच, मागणी वाढली की वारंवारता घसरते आणि वीज जास्त झाली की ती वर जाते. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातलं फिरणारं अवजड जनित्र हा बदल काहीसा सावकाश होऊ देतं. सोलारमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे सगळं इन्व्हर्टरमधल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं.

जर्मनीत काय पेच झाला?

जर्मनीत घरगुती सोलार अगदी कमी होतं, तेव्हा एक सोपा नियम केला गेला. वारंवारता ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की इन्व्हर्टरने ताबडतोब बंद व्हायचं. थोड्याशा पॅनलमुळे मोठ्या ग्रिडला काय फरक पडणार, असा त्यामागचा विचार होता.

पण पॅनल झपाट्याने वाढले. २०११ च्या अखेरीस देशाची सौरक्षमता सुमारे २५,००० मेगावॅट झाली होती आणि त्यातला बराच भाग याच नियमाखाली बसवलेला होता. याउलट, अचानक वीजकेंद्रं बंद पडली तर तूट भरून काढण्यासाठी युरोपच्या मुख्य ग्रिडने एकत्रितपणे राखून ठेवलेली तातडीची क्षमता होती ३,००० मेगावॅट. म्हणजे भर दुपारी वारंवारता ५०.२ ला पोहोचली असती, तर राखीव क्षमतेच्या कितीतरी पट वीज एका फटक्यात गायब झाली असती. वीज जास्त होती म्हणून सुरू झालेली अडचण क्षणात प्रचंड तुटवड्यात बदलली असती.

ही भीती कागदावरची नव्हती. ४ नोव्हेंबर २००६ रोजी जर्मनीतल्या एम्स नदीतून एक मोठं प्रवासी जहाज जाणार होतं, म्हणून नदीवरची उच्चदाबाची लाईन बंद करण्यात आली. त्यामुळे दुसऱ्या लाईनींवर भार वाढला, त्या एकामागोमाग तुटल्या आणि युरोपचं ग्रिड तीन तुकड्यांत विभागलं गेलं. पश्चिम युरोपात सुमारे दीड कोटी घरांची वीज गेली. ईशान्येकडच्या तुकड्यात मात्र वीज जास्त झाली आणि वारंवारता ५०.२ च्या बरीच वर गेली. ही घटना रात्री घडली, त्या वेळी सोलार चालू नव्हतं.

अखेर २०१२ मध्ये जर्मनीने नियम करून १० किलोवॅटपेक्षा मोठ्या, तीन लाखांहून जास्त यंत्रणांमध्ये बदल करायला लावले. जुन्या इन्व्हर्टरना बंद होण्याच्या वेगवेगळ्या मर्यादा दिल्या गेल्या, म्हणजे सगळे एकदम बाहेर पडणार नाहीत. नव्या इन्व्हर्टरनी एकदम बंद न होता वारंवारता वाढेल तसं उत्पादन हळूहळू कमी करायचं, असं ठरलं. या दुरुस्तीचा खर्च शेवटी ग्राहकांच्या वीजबिलातूनच वसूल झाला.

मग आधी चाचणी कशी करायची?

खऱ्या ग्रिडवर मुद्दाम बिघाड करून पाहता येत नाही. शहर अंधारात जाईल. संपूर्ण ग्रिड संगणकात उभं करता येतं, पण खरा इन्व्हर्टर ऐनवेळी कसा वागेल हे त्यातून पूर्ण कळत नाही. म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते.

प्रयोगशाळेत खरा इन्व्हर्टर टेबलावर असतो आणि ग्रिड संगणकात. संगणक ग्रिडच्या स्थितीचं गणित साधारण ५० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या २० हजाराव्या भागात, पुन्हा पुन्हा मांडतो. त्यातून येणारा दाब एका शक्तिशाली ॲम्प्लिफायरमार्फत इन्व्हर्टरला प्रत्यक्ष दिला जातो. इन्व्हर्टर जी प्रतिक्रिया देतो, ती मोजून परत संगणकातल्या ग्रिडला कळवली जाते. इन्व्हर्टरच्या दृष्टीने तो खऱ्याच ग्रिडला जोडलेला असतो. मग त्या ग्रिडवर फांदी पडल्याचा, फीडर तुटल्याचा किंवा वीजकेंद्र बंद पडल्याचा प्रसंग हवा तितक्या वेळा घडवून पाहता येतो.

हवाईत काय बदललं?

अशा चाचणीचा फायदा थेट ग्राहकांना झाल्याचं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई बेटांवर दिसतं. तिथल्या वीज कंपनीने २०१३ मध्ये भरपूर सोलार असलेल्या फीडरवर नव्या जोडण्या जवळपास थांबवल्या. फीडर अचानक तुटला तर पॅनलची वीज जायला जागा उरणार नाही, दाब क्षणभर उसळेल आणि घरातली उपकरणं जळतील, अशी कंपनीला धास्ती होती. हजारो अर्ज पडून राहिले.

वाद मिटवण्यासाठी वीज कंपनी आणि सोलार बसवणारी सोलारसिटी ही कंपनी एकत्र आल्या. कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीत नेमका हाच प्रसंग इन्व्हर्टरवर घडवून पाहण्यात आला. आधुनिक इन्व्हर्टर इतक्या चपळाईने बंद होतात की दाबाची उसळी आटोक्यात राहते, असं दिसलं. त्यानंतर अशा इन्व्हर्टरसाठी फीडरवरच्या सोलारची मर्यादा दिवसाच्या किमान मागणीच्या १२० टक्क्यांवरून २५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली.

त्याच सुमारास, २०१५ च्या सुरुवातीला, ओआहू बेटावरच्या सुमारे आठ लाख छोट्या इन्व्हर्टरच्या मर्यादा एन्फेज कंपनीने इंटरनेटवरून एका दिवसात बदलल्या. ग्रिडला किरकोळ धक्का बसताच बाहेर न पडता त्यांनी टिकून राहावं, हा त्यामागचा हेतू होता. जर्मनीत जे काम ठिकठिकाणी जाऊन करावं लागलं, ते इथे बसल्या जागी झालं. मात्र लाखो यंत्रं दुरून बदलता येतात, म्हणजे चुकीची आज्ञाही तितक्याच वेगाने पोहोचू शकते. म्हणून आता विजेच्या चाचण्यांबरोबर सायबर सुरक्षेच्या चाचण्याही केल्या जातात.

भारतासाठी याचा अर्थ काय?

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यापासून संपूर्ण भारताचं ग्रिड एकाच वारंवारतेवर चालतं. नागपूरच्या छतावरचा इन्व्हर्टर आणि चेन्नईतला इन्व्हर्टर एकच ताल ऐकत असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर सोलार बसवण्याचं उद्दिष्ट आहे आणि त्यातून ३०,००० मेगावॅट क्षमता उभी राहील, असा सरकारचा अंदाज आहे.

इतकी वीज एका मोठ्या केंद्रातून आली असती, तर तिथले अभियंते नियंत्रण कक्षात बसून तिच्यावर लक्ष ठेवू शकले असते. इथे ती कोटभर लहान डब्यांतून येणार आहे आणि प्रत्येक डबा आत भरलेल्या आकड्यांनुसार स्वतःच निर्णय घेणार आहे. ते आकडे प्रयोगशाळेत तपासून भरणं स्वस्त पडतं. तेच काम छतं भरल्यावर करायचं म्हटलं तर काय किंमत मोजावी लागते, हे जर्मनीच्या वीजग्राहकांना ठाऊक आहे.