कृषी विद्यापीठातील प्रवेश : पूर्वतयारी एक वर्ष आधी

पेरणी मृगात करावयाची तर जमिनीची मशागत उन्हाळ्यातच उरकावी लागते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मुलामुलींच्या उच्च शिक्षणाबाबत मात्र हाच नियम पुष्कळदा विसरला जातो. बारावीचा निकाल लागला की घरची मंडळी तहसील कचेरीकडे धाव घेतात. आणि गुण पुरेसे असूनही केवळ एखादा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळे जागा किंवा शुल्काची सवलत हातची जाते. ही हानी टाळता येण्यासारखी आहे.

विद्यापीठे व प्रवेशाची रीत

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांची स्वतःची घटक महाविद्यालये आहेत, तसेच त्यांस संलग्न अशी खाजगी महाविद्यालयेही आहेत. घटक महाविद्यालयांतील शुल्क बरेच कमी असते; म्हणून पसंतीक्रम भरताना हा फरक ध्यानात ठेवावा.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यासाठी बारावी विज्ञान शाखा व राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आवश्यक असते. या परीक्षेची नोंदणी सामान्यतः बारावीच्या परीक्षेपूर्वीच सुरू होते. निकालाची वाट पाहत बसणाऱ्याची ही पहिलीच संधी हुकते. शेतकऱ्याच्या पाल्यास सातबारा उताऱ्याच्या आधारे अधिक गुण देण्याची तरतूद प्रवेशनियमांत आलेली आहे. ती त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून उतारा आधीच काढून ठेवावा.

परराज्यातील कृषी विद्यापीठात जाण्याची इच्छा असल्यास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वाट्याच्या जागा उपलब्ध असतात. 2023 पासून त्यांसाठी केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा धरली जाऊ लागली. या मार्गाने स्वतःच्या राज्याबाहेर शिकावयास जाणाऱ्यांसाठी परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही आहे.

‘आज मिळेल तेथे प्रवेश घेऊ, पुढे बदली करून घेऊ’ असा विचार काहीजण करतात. तो धोक्याचा आहे. बदली रिकाम्या जागांवर व नियमांवर अवलंबून असते; तिचा भरवसा धरू नये. पसंतीक्रमच विचारपूर्वक भरावा.

कोणते कागद, केव्हा

जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र हे दोन निरनिराळे कागद आहेत, हे प्रथम समजून घ्यावे. पहिला उपविभागीय अधिकारी देतात; दुसरे पडताळणी समिती देते, व त्यास अनेक महिने लागू शकतात. पडताळणीसाठी वाडवडिलांच्या जुन्या नोंदी लागतात : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 व इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या दिनांकांपूर्वीच्या. आजोबांच्या शाळेच्या दप्तरातील नोंद शोधण्यास वेळ लागतो. म्हणून मूल अकरावीत जाताच हे काम हाती घ्यावे.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र व अल्पभूधारक असल्याचा दाखला हे त्यानंतरचे कागद होत. यांपैकी काहींची मुदत 31 मार्चला संपते. मुदत पाहूनच ते काढावेत. दहावीची गुणपत्रिका, आधार व बँकेचे खाते यांतील नाव एकच आहे ना, हेही तपासावे. अक्षराचा फरकही पुढे आड येतो.

अर्ज दिल्यावर पोच अवश्य घ्यावी. लोकसेवा हक्क कायदा, 2015 अन्वये अधिसूचित दाखल्यांना कालमर्यादा आहे, आणि विलंब झाल्यास अपील करता येते.

शिष्यवृत्त्या

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तर आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव विलायतेत शिकून आले व 1952 ते 1962 या काळात केंद्राचे कृषिमंत्री होते. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 2024 च्या शासननिर्णयाने पूर्ण माफ झाले आहे. तेव्हा खर्चाच्या भयाने मुलीस घरी बसवू नये.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. एक, या शुल्कसवलती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेस लागू होतात. संस्थास्तरावरील कोट्यातून मध्यस्थामार्फत घेतलेल्या जागेचे पूर्ण शुल्क पालकासच भरावे लागते. त्यापायी जमीन गहाण पडण्याची वेळ येऊ शकते. दोन, शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, व रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यातच येते.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्याने जून महिन्यातच अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलामुलींची यादी करावी. प्रत्येकाच्या नावापुढे कागदांचे रकाने आखून जे कमी असतील त्यांचे अर्ज दिवाळीपूर्वी पाठवावेत. शेतमजुराच्या घरी प्रथम जावे. कारण त्या घरी चौकशी करणारे दुसरे कोणी नसते. अंतिम दिनांक व नियम दरवर्षी बदलतात. ते ऐकीव माहितीवर न सोडता अधिकृत सूचनेतून वाचून दाखवावेत.

एका गावातून एक मुलगी वा मुलगा कृषी पदवीधर झाला, तर त्याच्या ज्ञानाचा लाभ साऱ्या शिवारास होतो. त्यासाठी लागणारे कागद आजपासून गोळा करावयास लागावे.