त्रिकोणी इंजिनाचा मिस्त्री

एनएसयू आरओ ८० ही जर्मन गाडी १९६७ साली बाजारात आली आणि लगेच १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. पण तिच्या मालकांबद्दलचा एक किस्सा त्या पुरस्कारापेक्षा जास्त टिकला. समोरून दुसरी आरओ ८० आली की हे लोक नमस्कारादाखल हात वर करून बोटं दाखवायचे. दोन, तीन, कधी चार. आतापर्यंत तितकी इंजिनं बदलून झाली, असा त्याचा अर्थ. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, दुखणं मात्र खरं होतं. वॉरंटीच्या खर्चानं कंपनी मेटाकुटीला आली, १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली, आणि कंटाळलेल्या पुष्कळ मालकांनी मूळ इंजिन काढून तिथं फोर्डचं साधं व्ही-४ बसवून घेतलं.

दोष इंजिनात होताच. पण डीलरकडच्या मिस्त्र्यांनाही हे रोटरी इंजिन नवं होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की नेमकं काय बिघडलं ते शोधत बसण्यापेक्षा अख्खं इंजिन बदलून मोकळं होणं सोपं. असं बदलून कारखान्यात परत आलेल्या इंजिनांपैकी कित्येकांत फारसं काही बिघडलेलंच नव्हतं. रोटरी इंजिनाच्या गाड्यांचं नशीब तेव्हापासून असंच आहे. गाडीपेक्षा तिचा जाणकार मिळणं अवघड.

या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाहीत. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, मधोमध किंचित चिमटलेल्या लंबगोल पोकळीत गरगरत राहतो. त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली असतात. त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यात तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरेल तसे ते लहानमोठे होतात. एकात हवा-पेट्रोल आत येतं, दुसऱ्यात ते दाबलं जाऊन पेटतं, तिसऱ्यातून धूर बाहेर पडतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटरचा एक फेरा होतो तेवढ्यात मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. मीटरवर ९००० आरपीएम दिसत असताना रोटर स्वतः ३०००नंच फिरत असतो. वरखाली होणारं काही नसल्यानं हे इंजिन एवढ्या आरपीएमलाही थरथरत नाही.

सगळी मदार त्या टोकांवर. प्रत्येक टोकाच्या खाचेत धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते. तिला ॲपेक्स सील म्हणतात, आणि खालची स्प्रिंग तिला भिंतीशी दाबून धरते. माझदाच्या नंतरच्या आरएक्स-७ गाड्यांत ही पट्टी जेमतेम २ मिलिमीटर जाडीची असते. कॉम्प्रेशन टिकतं ते तिच्या जिवावर, आणि गाडी संपते तीही बहुतेक वेळा तिच्यामुळेच.

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीनं, म्हणजे आजच्या माझदानं, १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला आणि हे दुखणं विकत घेतलं. सुरुवातीच्या इंजिनांत ॲपेक्स सील थरथरून पोकळीच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे पाडत. जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग उभा राहिला. सीलसाठी त्यांनी नाना पदार्थ वापरून पाहिले आणि अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणावर गाडी मार्गी लागली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. पुढे १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ च्या तीन पिढ्या मिळून आठ लाखांवर गाड्या निघाल्या. १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी गाडीनं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तोवर कुठल्याही जपानी कंपनीला ते जमलेलं नव्हतं.

आपल्याकडे आरएक्स-७ रस्त्यावर दिसणं दुर्मीळच. बहुतेकांनी ती पाहिली ती २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' मध्ये, व्हिन डिझेलच्या हातातली लाल, किंवा मग व्हिडिओ गेममध्ये. पण ऑकलंड, मेलबर्नकडे गेलेल्या आपल्या पोरांना ही गाडी जुन्या बाजारात खरोखर भेटते. त्या देशांत रोटरीचं वेड पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि रोटरीवरच पोट असलेली गॅरेजही आहेत. चार पैसे साठले की लहानपणचं पोस्टर डोळ्यांपुढे येतं. मग गाडी घरी येते, आणि पहिल्या बिघाडाला प्रश्न पडतो की आता दाखवायची कुणाला?

एरवी उत्तम असलेला मिस्त्रीही इथं फसू शकतो. एक साधी गोष्ट घ्या. गाडी ऑइल पिते. मिस्त्री सवयीनं म्हणणार, "रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल." पण रोटरी ऑइल पितेच, ती तशीच बनवलेली आहे. ॲपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप थोडंथोडं ऑइल मुद्दाम आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. उलट रोटरीचं ऑइल अजिबात कमी होत नसेल तर जाणकार अस्वस्थ होतो. पंप बंद पडला असेल, तर सील कोरड्या घासल्या जात असणार.

दुसरी फसगत गाडी चालू करण्याची. थंड गाडी चालू केली, अंगणातून फाटकापर्यंत आणली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, इंजिन काही घेत नाही. जास्तीच्या पेट्रोलनं सीलवरचं ऑइल धुऊन निघालेलं असतं, त्यामुळे दाब तयार होत नाही आणि प्लग भिजलेले असतात. अशा वेळी पेट्रोल तोडून सेल्फ मारत आतलं पेट्रोल बाहेर काढायचं, प्लग सुकवायचे किंवा बदलायचे, थोडं ऑइल आत सोडायचं. तासाभरात गाडी सुरू होते. याच गाडीवर "इंजिन बसलं" असा शिक्का मारून हजारो डॉलरचं काम काढणारेही आहेत. ते लबाड असतात की अडाणी, हे मालकाला कळायला मार्ग नसतो. बिल मात्र दोन्हीकडे सारखंच येतं.

म्हणून या धंद्यात सगळं एका चाचणीवर येऊन थांबतं. साध्या इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी कुठल्याही गॅरेजात होते. प्लगच्या जागी गेज लावायचं, सेल्फ मारायचा, काटा जिथं थांबेल तो आकडा. रोटरीला हे चालत नाही. एका रोटरला बाजू तीन आणि तिन्ही एकाच प्लगच्या भोकासमोरून जातात. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह सगळ्यांत जास्त दाब धरून ठेवतो. दोन बाजू ठणठणीत आणि तिसरी पार गेलेली असेल, तरी गेज चांगला आकडा दाखवून मोकळं होतं. याच जोरावर मेलेली इंजिनं जिवंत म्हणून विकली जातात.

रोटरीचं गेज वेगळं असतं. इंजिन पूर्ण तापवायचं. बॅटरी भरलेली हवी. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडायची. प्लग काढून तिथं गेजची नळी बसवायची, एक्सलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारायचा. पडद्यावर प्रत्येक रोटरचे तीन आकडे उमटतात आणि शेजारी सेल्फनं इंजिन किती आरपीएमनं फिरवलं तेही. माझदानं पुढच्या आरएक्स-८ गाडीसाठी २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हा नव्या इंजिनाचा दाब आणि ६८० ही खालची हद्द दिली. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत १५० पेक्षा जास्त फरक चालत नाही. बॅटरी ढिली असेल, सेल्फ हळू फिरत असेल, तर आकडेही खाली येतात. ते २५० च्या हिशेबात बसवून घ्यावे लागतात, नाहीतर चांगलं इंजिनही वाईट ठरतं. अनुभवी मिस्त्री तर प्लग काढला की आधी कान लावतो. फप-फप-फप असा सारखा ठेका आला तर ठीक. फप-फप-फुस आलं, तर गेजची नळी बसवायच्या आधीच त्याला काय ते कळतं.

चाचणी नापास झाली तर इंजिन उघडणं भाग आहे, आणि तिथं खरी कारागिरी दिसते. माझदाचं १३बी इंजिन म्हणजे डब्यावर डबा रचावा तशी पाच भागांची उतरंड. बिडाची प्लेट, ॲल्युमिनियमची पोकळी, मधली प्लेट, पुन्हा पोकळी, शेवटची प्लेट, आणि सगळ्यांना आरपार बांधणारे लांब बोल्ट. भाग कमी म्हणून काम सोपं वाटतं. पण कडेच्या सील रोटरच्या खाचेत बसवताना टोकाची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजत एकेक सील हातानं घासावी लागते. या रोटरची त्या रोटरला चालत नाही. मधल्या शाफ्टला मागंपुढं सरकायला मोकळीक ठेवायची ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर. ती जास्त भरली तर पुढची बाजू पुन्हा सोडून स्पेसर बदलायचा. पोकळीच्या आतल्या क्रोमचे पापुद्रे निघालेले असतील, तर तो भाग टाकूनच द्यावा लागतो. किंमत ऐकून मालक गयावया करतो आणि कच्चा मिस्त्री तोच भाग घासूनपुसून परत बसवतो. अशी इंजिनं सुरू होतात, मालक पेढे वाटतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच.

तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे एफडीच्या, आरएक्स-७ मध्ये तर इंजिनाइतकाच वैताग त्याच्या भोवतालचा. दोन टर्बो एकापाठोपाठ कामाला लावण्यासाठी व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं एक जंजाळ तिथं आहे. उष्णतेनं त्या नळ्या कडक होऊन तडकतात. एक नळी निसटली तरी पिकअप जातो आणि मालकाला वाटतं टर्बो गेला. आरएक्स-८ मध्ये टर्बो नाही, पण इग्निशन कॉइल कमकुवत निघाल्या. कॉइल मरायला टेकल्या की इंजिन मिसिंग करतं, ताकद पडते, आणि लक्षणं थेट गेलेल्या ॲपेक्स सीलसारखी दिसतात. प्रामाणिक मिस्त्री आधी कॉइल, प्लग आणि सेल्फ बघतो. अर्थात इंजिनंही खरोखर गेलीच. माझदाला अमेरिकेत आरएक्स-८ च्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली.

आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलेल्या पोरांच्या हाती हे इंजिन क्वचितच आलं असेल. जपानात चिबाचे इसामी अमेमिया यांच्यासारखी रोटरीवरच आयुष्य काढलेली माणसं आहेत, पण तिथवर गाडी नेणं किती जणांना जमणार? २०२३ मध्ये माझदानं एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आणली, पण ती एका रोटरची, बॅटरी चार्ज करण्यापुरती आणि वेगळ्याच मापाची. जुन्या गाड्यांच्या मालकांना तिचा उपयोग नाही.

तेव्हा पारखायचं कसं? भिंतीवरच्या फोटोंवर आणि रांगेत उभ्या चकचकीत गाड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. फ्लायव्हीलच्या नटाला लागणारा ५४ मिलिमीटरचा सॉकेट आणि रोटरीचं गेज गॅरेजात आहे का, ते विचारा. नसेल तर तो माणूस तुमच्या गाडीवर शिकणार आहे. गाडी दाखवल्यावर तो आधी काय विचारतो तेही ऐका. ऑइल किती घालता, थंड असताना बंद करता का, आरपीएम कधी वरपर्यंत नेता का? जो हे विचारतो त्याला कळतं. नुसती हळुवार चालवलेली रोटरी आत कार्बन धरते, म्हणून अधूनमधून तिला वरपर्यंत न्यावंच लागतं. इंजिन उघडलं तर मापांचा कागद मागा आणि काढलेले जुने भाग परत मागा. या दोन गोष्टींना जो कुरकुरतो, त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

आणि गाडी अजून घेतलेलीच नसेल, तर बयाणा देण्याआधी स्वतःच्या खर्चानं दोन्ही रोटरच्या मिळून सहा आकड्यांची चाचणी करून घ्या, आरपीएमसकट लिहून. विकणारा चाचणीला नाही म्हणाला, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नका.