मोठ्या संख्येच्या टप्प्याने मोजणी

दर वेळी एकच ठरावीक संख्या मिळवत पुढे जाणे याला टप्प्याने मोजणी म्हणतात. पाढा हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. प्राथमिक वर्गांत दोन, पाच व दहा यांच्या टप्प्यांनी मोजणी शिकवली जाते. टप्पा १९, ३७ किंवा १,४२,८५७ इतका मोठा असला की मोजणी किचकट होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मोजणीत उमटणारा आकृतिबंध टप्प्याच्या आकारावर अवलंबून नसतो. टप्प्याचे दहा, शंभर, हजार यांच्याशी जे नाते असते त्यावर तो ठरतो.

एककस्थानचे अंक

सातच्या पाढ्यात एककस्थानी ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असे अंक क्रमाने येतात व पुन्हा तेच चक्र सुरू होते. १,२४७ च्या टप्प्याने मोजले (१,२४७, २,४९४, ३,७४१, ४,९८८…) तरी एककस्थानी हेच चक्र दिसते, कारण उरलेले १,२४० हे पूर्ण दशक असल्याने एककाला स्पर्शही करत नाहीत. टप्प्याचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असेल तर दहाही अंक येऊन जातात; २, ४, ६ किंवा ८ असेल तर पाचच येतात; ५ असेल तर ५ आणि ० एवढेच.

एकोणिसाचा पाढा

मराठी शाळांत पाढे तीसपर्यंत पाठ करण्याची रीत होती. त्यातच पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत. 'सोळा साती बारोदरसे' या चालीमुळे पाढा कानात बसे, मात्र त्याची रचना डोळ्यांपुढे येतेच असे नाही. एकोणिसाचा पाढा मुलांना विशेष नकोसा वाटतो. तो उभा लिहून पाहावा: १९, ३८, ५७, ७६, ९५, ११४, १३३, १५२, १७१, १९०. एककाचा अंक ९ पासून ० पर्यंत एकेकाने उतरतो आणि त्याच्या डावीकडे १, ३, ५, ७… १९ अशा विषम संख्या चढत जातात. याचे कारण नावातच आहे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. प्रत्येक टप्प्यास वीस पुढे जायचे आणि एक मागे यायचे. एकोणतिसाच्या पाढ्यातही (२९, ५८, ८७, ११६…) एकक एकाने उतरतो, डावी बाजू मात्र तिनाने चढते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांचे 'वीस एक', 'वीस दोन' असेही वाचन दिले गेले व त्यावरून महाराष्ट्रात बराच वाद झाला. 'वीस नऊ' या वाचनात अंकांचा क्रम लिहिल्याप्रमाणे येतो, हा लाभ खराच. पण 'एकोणतीस' मध्ये दडलेली वजाबाकी त्यात हरवते. मोठ्या टप्प्याने मोजताना तीच कामाची असते. नव्व्याण्णवला मात्र हे वैभव जुन्या पद्धतीतही लाभलेले नाही.

९९९ चे नातलग

३७ च्या मोजणीत दर तिसरा टप्पा १११, २२२, ३३३ असा येतो. त्याहून सुंदर गोष्ट अशी की तिच्यातील कोणतीही तीन अंकी संख्या घेऊन पहिला अंक शेवटी नेला, तरी नवी संख्या ३७ च्याच पाढ्यातली असते: १४८, ४८१, ८१४. पहिला अंक असा नेणे म्हणजे संख्येची दहापट करून त्यातून ९९९ ची पट वजा करणे होय, आणि ९९९ हे ३७ ची २७ पट आहे. याच कुळातील १,४२,८५७ च्या पहिल्या सहा टप्प्यांत तेच सहा अंक केवळ फिरत राहतात: २,८५,७१४, ४,२८,५७१… सातव्या टप्प्याला ९,९९,९९९ येतात.

कापरेकर संख्या आणि ९९ चा टप्पा

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत ४५ ही एक आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. हा चमत्कार नव्हे. २०२५ मध्ये वीस शंभर आहेत व प्रत्येक शंभर म्हणजे ९९ आणि १. ते वीस एक २५ मध्ये मिळवले की ४५ होतात. म्हणजेच ४५ पासून निघून ९९ चे वीस टप्पे घेतले की आपण नेमके ४५ च्या वर्गावर पोहोचतो. ५५ पासून तीस टप्पे घेतले की ३०२५ येतात, आणि ३० + २५ = ५५.

दिनदर्शिकेतील टप्पा

३६५ हा टप्पा आपण नकळत दरवर्षी घेतो. ३६५ मध्ये बावन्न आठवडे आणि एक दिवस असतो, त्यामुळे तीच तारीख पुढील वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले तो १२ जानेवारी १९३१ हा दिवस सोमवार होता. पहिल्या स्मृतिदिनी, १९३२ मध्ये, मंगळवार आला आणि १९३३ मध्ये गुरुवार.