आजारपण काढण्याचे काम

मराठीत आजारपण भोगतो तो रोगी आणि ते 'काढते' ते त्याच्या उशाशी बसलेले माणूस. जागरण, पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, मलमूत्राची उस्तवार आणि धीर देणे हे सगळे या एकाच क्रियापदात सामावलेले आहे. पित्ताशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे काम नेमके कशाचे असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ही शस्त्रक्रिया बहुधा ज्यांच्यामुळे करावी लागते ते पित्तखडे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळत असल्याने हे आजारपण काढण्याची पाळी पुष्कळदा नवऱ्यावर येते, आणि ज्या घरांत शुश्रूषा हे मुलींनीच शिकायचे काम मानले गेले, त्या घरांत वाढलेल्या पुरुषाला ते पन्नाशीत, चुकतमाकत शिकावे लागते.

ही शस्त्रक्रिया किरकोळ समजली जाते, याला कारण आहे. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले, तेव्हापासून शंभर वर्षे त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागत असे. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी हे काम दुर्बिणीतून करून दाखवले आणि १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तशी शस्त्रक्रिया केली. आता बहुतेक रोगी चार लहान छिद्रांवर चिकटपट्ट्या घेऊन एकदोन दिवसांत घरी जातात. परंतु वारंवार सूज येऊन पित्ताशय भोवतालच्या अवयवांना चिकटलेले असेल, तर सर्जनला सुरक्षिततेसाठी दुर्बीण बाजूला ठेवून उजव्या बरगडीखाली छेद घ्यावा लागतो; आणि कधी शस्त्रक्रिया नीट होऊनही, पित्ताशयाच्या बांधलेल्या देठातून किंवा यकृताच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक नलिकेतून पित्त पोटात झिरपू लागते. 'तीन दिवसांत घरी' असे नातेवाइकांना सांगून ठेवलेल्या नवऱ्याचे खरे काम येथून सुरू होते.

पहिल्या दोन दिवसांत त्याला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे खांदेदुखी. टाके पोटावर आणि कळ उजव्या खांद्यात, हे पाहून त्याच्या मनात हृदयविकाराची शंका येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत नीट दिसावे म्हणून पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवलेले असते. त्याने छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला चुरचूर लागते, आणि त्या पटलाचा मज्जातंतू मानेतून उतरत असल्याने मेंदूला ती वेदना खांद्याची वाटते. थोडे चालल्याने ती सहसा दोनतीन दिवसांत ओसरते. हे कारण आधी कळलेले असेल तर रात्री दोन वाजता माणूस घाबरत नाही. मात्र छातीत दडपण, धाप किंवा घाम असेल, तर खांदेदुखी समजून थांबू नये, तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.

मोठा छेद असेल तर खाटेवरून उठणे हीच एक स्वतंत्र विद्या ठरते. दोन्ही हात धरून रोग्याला सरळ वर ओढणे ही बहुतेकांची पहिली चूक असते, कारण त्याने सगळा ताण टाक्यांवर येतो. गुडघे दुमडून एका कुशीवर वळवायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपराच्या आधाराने तिचे तिला उठू द्यायचे. नवऱ्याचा हात तेव्हा पाठीशी असावा, ओढू नये. खोकला येण्याआधी "अहो, उशी" एवढेच शब्द निघतात आणि ती उशी पोटावर घट्ट दाबून धरली की टाक्यांना आधार मिळतो. खोकणे टाळून चालत नाही, कारण दुखण्याच्या भीतीने श्वास उथळ राहिला तर फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो. तीन गोळ्यांचे जे श्वासयंत्र देतात, ते दर तासाला हातात देणे आणि तिने कंटाळून बाजूला ठेवले तर पुन्हा देणे, यात चिकाटी लागते, आणि अधूनमधून तिची चिडचिडही ऐकून घ्यावी लागते.

सर्वांत जबाबदारीचे काम ड्रेनचे, म्हणजे पोटातील स्राव बाहेर आणणाऱ्या नळीचे. तिची पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, नळीला पीळ पडता कामा नये, आणि रोज ठरलेल्या वेळी हात धुऊन, मापाचे भांडे डोळ्यांच्या पातळीवर धरून स्राव मोजायचा असतो. एका साध्या वहीत तारीख, मिलिलिटर, रंग आणि ताप एवढे चार रकाने आखले तरी पुरते. लालसर पाणी फिकट होत कमी झाले तर ठीक. हिरवट-पिवळा रंग दिसला तर ते पित्त आहे आणि सर्जनला लगेच कळवायला हवे. 'काल जरा जास्त वाटले' या सांगण्यापेक्षा वहीतल्या एका आकड्यावरून डॉक्टरांना कितीतरी अधिक समजते.

झिरपणारे पित्त थांबवण्यासाठी बहुधा ईआरसीपी करतात. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन, पित्तनलिका जेथे उघडते तेथून तिच्यात स्टेंट नावाची बारीक नळी बसवतात. पित्ताला आतड्याकडची वाट मोकळी मिळाली की गळतीची जागा हळूहळू बुजते. प्लॅस्टिकचा स्टेंट ठरावीक आठवड्यांनी काढावाच लागतो. रोगी तोवर हिंडूफिरू लागलेला असल्याने ही तारीख विसरली जाते आणि आत राहिलेला स्टेंट तुंबून पित्तमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणे हेही आजारपण काढण्याचाच भाग आहे.

आहाराबाबत घोटाळा होतो तो भाषेमुळे. आंबट ढेकर, जळजळ यांना आपण 'पित्त झाले' म्हणतो. म्हणून पित्ताशय काढले की पित्ताचा त्रास गेला, अशी समजूत होते. ती जळजळ जठरातल्या आम्लाची असते. पित्त यकृतात तयार होते आणि पुढेही होत राहते, फक्त ते साठवण्याची पिशवी नसल्याने ते सतत थोडेथोडे आतड्यात उतरते. त्यामुळे काहींना काही आठवडे जेवणानंतर जुलाब होतात. मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी, ताक, तेही थोडे थोडे आणि अनेकदा, हे सोसते. कठीण जाते ते भेटीला आलेल्यांनी ताकद यावी म्हणून प्रेमाने आणलेला तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू दारातच नम्रपणे थांबवणे. तितकेच कठीण असते तिला स्वतःला थांबवणे, कारण चालता येऊ लागताच तिचा हात भरलेल्या बादलीकडे जातो. मोठ्या छेदानंतर जड उचलणे साधारण सहा आठवडे वर्ज्य असते.

घरी आल्यावर पाहायचा तो डोळ्यांचा पांढरा भाग, आणि तोही दिवसाच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली कावीळ हुलकावणी देते. लघवी गडद, शौचाचा रंग शाडूसारखा फिका, थंडी वाजून ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

एवढे सगळे ज्याने पाहायचे, त्याच्या हाती निघताना डिस्चार्ज कार्ड पडते ते इंग्रजीत, 'टीडीएस' आणि 'एसओएस' अशा खुणांचे, की पहिलीचा अर्थ दिवसातून तीनदा आणि दुसरीचा गरज पडली तरच, हे त्याला औषधाच्या दुकानदाराकडून समजावून घ्यावे लागते. रुग्णालयांनी या कार्डाबरोबर एक पान मराठीत द्यावे, त्यावर धोक्याची लक्षणे, रात्री लागणारा फोन क्रमांक आणि स्टेंट असल्यास तो काढण्याची तारीख ठळक लिहावी, आणि ते पान आजारपण काढणाऱ्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवावे.