डिझेल इंजिनात इथेनॉल घालावे काय?

रब्बीच्या गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले की डिझेलचा खर्च अंगावर येतो. “पेट्रोलमध्ये इथेनॉल चालते, मग आमच्या इंजिनात का चालू नये?” असे कित्येक शेतकरी बंधू आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर चालते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. इथेनॉल असे सहज पेटत नाही. थोडे पाणी शिरले किंवा थंडी पडली की ते डिझेलपासून वेगळे होते. पंपाला डिझेलचे मिळणारे वंगणही कमी होते. शिवाय अशा मिश्रणाची वाफ साध्या उन्हाळी हवेतही पेट घेऊ शकते. म्हणून हा प्रयोग घरी करू नये.

बायोडिझेलची गोष्ट निराळी. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. पण नुसते तेल घट्ट असते. त्याने नॉझलवर काजळी धरते व पिस्टनच्या रिंगा चिकटतात. म्हणून तेलावर मिथेनॉल व कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. १०० किलो तेलापासून सुमारे १०० किलो बायोडिझेल होते व १० किलो ग्लिसरीन खाली बसते.

माळव्यात सोयाबीन उदंड पिकते. परंतु खाण्याचे तेल जाळणे परवडत नाही. इंदुरात कचोरी, शेव, जिलेबी तळून उरलेले तेल मात्र पुष्कळ. ते वारंवार तापवून खाणे प्रकृतीस अपायकारक. कढईत पुन्हा जाण्यापेक्षा त्याचे बायोडिझेल झालेले बरे.

वापरताना एवढे सांभाळावे:

१. भारतीय मानकानुसार डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. त्यापुढे इंजिनाच्या कंपनीला विचारल्यावाचून जाऊ नये.

२. बायोडिझेलने जुन्या टाकीतील मळ सुटतो. आरंभी फिल्टर लवकर बदलावा. रबरी नळ्या तपासाव्या.

३. पामतेलाचे बायोडिझेल पौष-माघाच्या थंडीत गोठू लागते. कोणतेही बायोडिझेल महिनोन्‌महिने साठवू नये.

४. घरी बायोडिझेल करू नये. मिथेनॉल विष आहे. थोडे पोटात गेले तरी डोळे जातात, प्राणही जातो.

पाण्याच्या ऐन पाळीला इंजिन बसले तर गहू वाट पाहत नाही. चार पैसे वाचवावेत, पण पीक, इंजिन व डोळे सांभाळून.