पाण्याखाली (भाग ७) : शिसं नेमकं किती?

मालवणला स्कूबा करून आलेल्या आपल्या धार-देवासकडच्या मंडळींना विचारून बघा, खाली कसे गेलात आणि मध्येच अधांतरी कसे राहिलात? बहुतेकांना सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोषही नाही. मागून सिलिंडर धरून असलेला प्रशिक्षकच त्यांच्या जॅकेटात हवा भरत होता आणि सोडत होता. पाहुण्यांनी फक्त मासे बघायचे. ते जॅकेटच नसेल तर?

१९४३ साली कूस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचं ॲक्वालंग तयार केलं तेव्हा हे जॅकेट नव्हतंच. फ्रान्समध्ये फेन्झीने फुगवायचं जॅकेट आणलं ते १९६१ च्या सुमारास, आणि आज दिसतं तसं पूर्ण अंगात घालायचं जॅकेट आलं १९७० च्या दशकात. तोवर पाठीला पट्ट्यांनी बांधलेला सिलिंडर, कमरेला शिसं आणि छातीतली फुप्फुसं एवढ्यावर लोक समुद्राचा तळ बघून येत. हौशी मंडळी आजही जुन्या पद्धतीची ही सामग्री घेऊन उतरतात. शिकाऊ माणसाने त्यांचं अनुकरण करू नये, पण त्यांचा हिशोब समजून घ्यावा. जॅकेटवाल्यांपैकी निम्म्यांचं शिसं चुकलेलं असतं आणि जॅकेट ती चूक झाकून टाकतं, असं माझं मत आहे.

हिशोब सुरू होतो हवेच्या वजनापासून. १० लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला की त्यात साधारण २,००० लिटर हवा मावते. लिटरला १.२ ग्रॅम धरले तर ती झाली २.४ किलो. पन्नास बार शिल्लक ठेवून वर यायचं म्हटलं तर पाऊण तासात १.८ किलो हवा बुडबुडे होऊन निघून जाते आणि माणूस तेवढा हलका होतो. म्हणून शिसं ठरवायचं ते बुडी संपतानाच्या स्थितीवरून, सुरुवातीच्या नव्हे. शेवटच्या पाच मीटरांवर, सिलिंडर जवळपास रिकामा असताना, शांतपणे थांबता आलं पाहिजे. बुचासारखं वर उसळून चालत नाही. याचा अर्थ सुरुवातीला पावणेदोन-दोन किलो जड असणं भागच आहे.

ते जडपण सांभाळायचं फुप्फुसांनी. फुप्फुसात एक लिटर हवा जास्त ठेवली की गोड्या पाण्यात एक किलोची उचल मिळते. प्रौढ माणसाच्या फुप्फुसात पूर्ण रिकामं ते पूर्ण भरलेलं यात चारेक लिटरांचा फरक असतो. सुरुवातीला छाती जरा भरलेली ठेवून श्वास घ्यायचा, शेवटी शेवटी जरा रिती ठेवून. श्वास मात्र एक क्षणही कोंडायचा नाही. भरल्या छातीने, गळा बंद करून दोन मीटर जरी वर आलात तरी आतली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं. या एका बाबतीत तडजोड नाही.

मग अडतं कुठे? सूटमध्ये. पाच मिलिमीटर जाडीच्या रबरी सूटमध्ये असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. पृष्ठभागावर तो सहज चार-पाच किलो उचलून धरतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि ही उचल जवळपास निम्मी होते. आता हवेचे दोन किलो आणि सूटचे दोन किलो मिळून चार किलोंचं ओझं झालं. ते एकट्या फुप्फुसांच्या आवाक्यातलं राहत नाही. जॅकेटशिवाय उतरणारे पातळ सूट आणि लहान सिलिंडर पसंत करतात ते म्हणूनच. आपल्याकडे मे महिन्यात साधा सदरा चालेल. जानेवारीत माळव्यातल्या पाण्याचा गारठा जाड सूट मागतो, आणि तेव्हा जॅकेट नको म्हणणं हा हट्ट झाला.

दुसरी गोम गोड्या पाण्याची. सामानासकट ९० लिटर जागा व्यापणारा माणूस समुद्रात सव्वाब्याण्णव किलो पाणी बाजूला सारतो, तळ्यात मात्र ९० किलोच. मालवणला ५ किलो शिसं बरोबर बसलं असेल, तर धारच्या मुंज सागराच्या किंवा देवासच्या मीठा तलावाच्या पाण्यात पावणेतीन किलो पुरेल. आकडा तोच ठेवलात तर तळाच्या गाळात जाऊन बसाल, आणि एकदा गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. उथळ, दोर बांधलेल्या जागी जवळपास रिकामा सिलिंडर घेऊन उभे तरंगा, पाय हलवू नका. नेहमीसारखा श्वास घेतल्यावर पाण्याची रेषा डोळ्यांशी आली पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू डोकं खाली जायला हवं. रेषा हनुवटीशी थांबली तर एखादा किलो वाढवा. श्वास घेतलेला असतानाच डोकं बुडालं तर काढा. शिशाचा पट्टा सगळ्यात शेवटी, बाकीच्या पट्ट्यांच्या वरून बांधायचा. एका हाताने बक्कल ओढलं की तो सुटून पडला पाहिजे. वर आल्यावर फुगवायला काही नसतं, त्यामुळे सोबत दोराने बांधलेला तरंगता बोया हवाच.

हा सगळा हिशोब अधांतरी राहण्याचा. नदीतल्या शोधकामाचा हिशोब उलटा असतो. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी धार जिल्ह्यात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. अशा वेळी पुराच्या पाण्यात हाताने चाचपत शोधायचं म्हणजे तळाला चिकटून राहावं लागतं. तिथे जास्तीचं शिसं ही चूक नसून गरज असते, आणि जीव असतो काठावरच्या माणसाने धरलेल्या दोरात.

आता एक गोष्ट राहिली. धार आणि देवास समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. तीनशे मीटरच्या वर बुडीच्या वेळेची कोष्टकं समुद्रावरची जशीच्या तशी लागू होत नाहीत. शिशाला त्याने फारसा फरक पडत नाही, रक्तातल्या नायट्रोजनला पडतो. ते कोष्टक पुढच्या आठवड्यात मांडू.