गोळ्या उष्ण पडल्या

"साहेब, गोळ्या लई उष्ण पडल्या." सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकलं. बोलणारा सदऱ्याची बाही वर सारतो. दंडावर लालभडक गाठी, बोट लागलं तरी कळवळतो. संध्याकाळी ताप चढतो, सांधे धरलेले असतात. गावात कुणी पित्ताची गोळी दिलेली असते, कुणी टायफॉइडची तपासणी करून घेतलेली असते. आणि कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पाकीट मात्र फडताळात तसंच पडून असतं.

अशा वेळी मी कातडी नंतर बघतो, आधी कार्ड मागतो. गोळ्या कधी सुरू झाल्या, ते कळायला हवं. ताप आणि अंगावर लाली या जोडीमागे दोन वेगळी दुखणी असू शकतात आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. कुष्ठरोगाच्या गोळ्यांतलं डॅप्सोन सुरू होऊन चार-सहा आठवडे झाले असतील, अंगभर पुरळ, डोळे पिवळे, मानेत अवधाण असेल, तर ती गोळी त्या माणसाला सोसलेली नाही. ती त्याच दिवशी बंद करून त्याला भरती करायचं. यकृतावर बेतलं तर जीव जातो. पण उपचाराला बरेच महिने झालेत, किंवा बारा महिन्यांचा कोर्स संपूनही गेलाय, आणि वरवर चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर दुखऱ्या गाठी उठल्यात, तर बहुधा ती कुष्ठरोगातली दुसऱ्या प्रकारची रिॲक्शन. अंगातल्या, बऱ्याचदा मेलेल्याच, जंतूंच्या अवशेषांवर शरीर तुटून पडलेलं असतं. कोर्स चालू असेल तर इथं गोळ्या थांबवायच्या नाहीत. त्या चालू ठेवून डॉक्टर वर प्रेडनिसोलोन देतात.

मग कोपर. आतल्या बाजूच्या खोबणीतली शीर दोन्ही हातांची चाचपायची आणि नजर रुग्णाच्या तोंडावर ठेवायची. दुखतं का म्हणून विचारलं तर शेतकरी गडी "न्हाई" म्हणणार, पण भुवई आकसते. शीर दुखरी, जाड झाली असेल तर गाठींपेक्षा तिची घाई मोठी; उशीर झाला की करंगळी वाकडी होते आणि ती सरळ करायला शस्त्रक्रिया लागते. पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनमध्ये तर नवीन गाठी नसतातच. जुनाच चट्टा सुजून लाल होतो, ताप फारसा नसतो, म्हणून लोक नायट्याचं मलम लावत बसतात आणि आत शीर जात असते.

शंका राहिली तर कानाची पाळी. चिमटीत घट्ट धरायची, पांढरी पडू द्यायची, पात्यानं बारीक छेद घ्यायचा आणि पातं आडवं करून आतला रस काचपट्टीवर ओढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली लाल जंतू अखंड काड्यांसारखे दिसतात की तुटक कण, यावरूनही बरंच कळतं.

खरोखर दुर्मीळ अशा ल्युसिओ रिॲक्शनची नोंद मेक्सिकोत 1852 साली ल्युसिओ आणि अल्वाराडो यांनी केली. भारतातली उदाहरणं मोजकी आहेत. ती ओळखणं अवघड, कारण ती होणाऱ्या माणसाला ना चट्टा असतो ना गाठ. कातडी सगळीकडून सारखीच भरलेली, चेहरा तुकतुकीत. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! भुवया झडल्यात हे कुणी बघत नाही. मग पायांवर वेड्यावाकड्या कडांचे जांभळे डाग उठतात, काळे पडतात, फुटतात. मधुमेहाचा पाय किंवा गँगरीन समजून उपचार होतात. ताप बहुधा नसतो आणि माणसानं कुष्ठरोगाची गोळी बहुतेकदा कधी घेतलेलीच नसते. दुसऱ्या प्रकारच्या रिॲक्शनमध्येही क्वचित गाठी काळ्या पडून फुटतात, पण तिथं सोबत ताप असतो.

देशपातळीवर कुष्ठरोगाचे दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण झाल्याचं 2005 च्या अखेरीस जाहीर झालं. चांगलंच झालं, पण हातांची सवय गेली. आज नव्या डॉक्टरला ल्युसिओ हे नाव परीक्षेपुरतं येतं. कोपराची शीर किती जणांनी चाचपलीय, याची मला शंका आहे. त्यात हंगामाला बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. कार्ड गावी, माणूस फडात. अशात बधिर तळव्याला झालेली जखम वर्षानुवर्षं चिघळते, आणि तिच्या काठावर फुलकोबीसारखं मांस वाढू लागलं तर ड्रेसिंग करत न बसता तुकडा तपासायला द्यावा लागतो, कारण तो कर्करोग असू शकतो.

गाठी पुन्हा पुन्हा उठणाऱ्यांचं कठीण. मेडिकलमधून स्वतःच प्रेडनिसोलोन आणून खाणारे कितीतरी. तोंड सुजतं, साखर वाढते, गोळी सोडली की गाठी परत. थॅलिडोमाइड गुणकारी आहे, पण गर्भातल्या मुलाला व्यंग येतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी डॉक्टर ते टाळतात. मग उरतं वाढीव मात्रेतलं क्लोफाझिमिन. त्यानं कातडी तांबूस-काळी पडते. मिरजेला रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे, त्यामुळे "मिरजेला पाठवलंय" एवढ्यावरच शेजारी अर्थ काढतात. त्यात चेहऱ्याचा रंग बदलला की विचारायलाच नको. बायका पहिलं हेच विचारतात, रंग कधी जाईल? औषध थांबल्यावर काही महिने, कधी वर्षाहून जास्त. हे सुरुवातीलाच सांगावं लागतं. नाहीतर पुढच्या महिन्यात ती गोळ्या न्यायला येत नाही.